मदत हवी आहे: डीपीएफचा दिवा विझवतात, बिघाड तसाच

नमस्कार मंडळी. माझी बीएस-6 डिझेल एसयूव्ही अजून वॉरंटीत आहे. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागतो, पिकअप जातो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे इंजिन स्वतःच ताकद कमी करतं. परवा खंबाटकीच्या चढावर ऐन गर्दीत हेच झालं. मागे ट्रकवाल्यांचे हॉर्न, आत घरच्यांचे टोमणे.

सर्व्हिस सेंटरचं ठरलेलं पालुपद: "साहेब, शहरात हळू चालवल्याने काजळी साठते." कबूल, पण मी दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर करतो! स्कॅनर लावून फोर्स्ड रीजनरेशन करतात (फिल्टरमधली काजळी मुद्दाम जाळतात), दिवा विझवतात, गाडी मात्र चकाचक धुऊन देतात. जॉबकार्डवर 'तपासले, ठीक'. एरर कोड लिहून द्या म्हटलं की अ‍ॅडव्हायझर चहा मागवतो.

काल डिपस्टिक (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) काढून पाहिली. ऑइल कमाल खुणेच्या वर आणि त्याला डिझेलचा वास. रीजनरेशन अर्धवट राहिलं की काजळी जाळायला जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, एवढं मला कळतं. मग डीपीएफचा प्रेशर सेन्सर, इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) यांपैकी आधी काय तपासायला लावू?

बाहेरच्या गॅरेजमध्ये नुसतं स्कॅन करून घेतलं तर वॉरंटी नाकारतील का? 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करणार आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत जावं लागतं, हेही ठाऊक आहे. तिथे उत्पादनदोष सिद्ध करायला कुणाचा तपासणी अहवाल ग्राह्य धरला गेला? ज्यांनी प्रत्यक्ष केस लढवली त्यांनी कृपया सांगा. 'गाडी विकून टाक' हा सल्ला सासऱ्यांनी आधीच दिलाय.