विषय: न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग
"आधीची संपल्याशिवाय नवीन घ्यायचीच नाहीत" हा नियम मला मराठी पुस्तकांच्या बाबतीत अजिबात पटत नाही. गाजलेल्या कादंबऱ्यांचं ठीक आहे, त्या पुढच्या वर्षीही मिळतात, पण स्थानिक इतिहास, कोश, अनुवाद असल्या पुस्तकांची आवृत्ती बरेचदा हजारभर प्रतींची, कधी त्याहूनही कमी, आणि ती संपली की पुढची निघेलच याची काही गॅरंटी नाही, मग बसा पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकानं पालथी घालत. त्यामुळे असलं काही दिसलं की मी घेऊनच ठेवतो, वाचायला चार-पाच वर्षांनी का होईना. बाकीच्या पुस्तकांसाठी लायब्ररी आहे की! पुण्यात नगर वाचन मंदिर तर १८४८ पासूनचं आहे, अशा ठिकाणी मेंबर वाढायला हवेत खरंतर.