डॉक्युमेंटरी स्वतःच काढायची, स्वतःच विकायची, पोट भरतं का?

लोकलवाला: वडाळ्याच्या मिठागरांवर ५२ मिनिटांची फिल्म केलीय, एडिट झालं, साउंड बाकी आहे आणि खिशात फक्त पासचे पैसे उरलेत. आता एक कंपनी म्हणतेय सगळे राइट्स द्या, आम्ही बघतो. देऊ का?

जुनी_खोड: अजिबात देऊ नकोस!! मी दिले होते, कायमचे, आता माझीच फिल्म कॉलेजात दाखवायची तर त्यांना मेल करायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं. टीव्ही, ओटीटी, शिक्षणसंस्था असे राइट्स वेगवेगळे दे, तेही ठरावीक वर्षांसाठी. आणि मागे कुणाचं गाणं वाजत असेल तर आधी त्याची परवानगी घे.

परळकर: डॉक्युमेंटरीवाल्या आनंद पटवर्धनांचं बघ. १९९७ च्या घाटकोपरच्या रमाबाई नगरातल्या पोलीस गोळीबारापासून धरलेली ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ मध्ये आली, १४ वर्षं रे! आणि नंतर वस्त्यावस्त्यांत दाखवली. २००४ मध्ये मिफने, म्हणजे मुंबईच्या सरकारी फिल्म फेस्टिव्हलने, भारतीय फिल्म्सना सेन्सॉर सर्टिफिकेट मागितलं तेव्हा फिल्ममेकर्सनी ‘विकल्प’ नावाने वेगळा फेस्टिव्हलच भरवला. दाखवायला मल्टिप्लेक्सच लागतं असं नाही.

जुनी_खोड: खरंय. आमच्या चाळीत चादर बांधून लावली होती, वाऱ्याने माणसांची तोंडं हलत होती, शेवटी दोन पोरं खालचे कोपरे धरून बसली. पैशांसाठी डबा फिरवला, प्रोजेक्टरचं भाडं निघालं. पोट मात्र लग्नाच्या शूटिंगवरच भरतं हां.

लोकलवाला: बरं, मग नाही कळवतो त्यांना. प्रोजेक्टर कुठून घेतलात ताई?