‘गामा म्हणजे फुगवलेली दंतकथा’ या पोस्टला उत्तर

मातीतला
काल ‘हिशेबी’ यांनी टाकलेली पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सार असं: पंजाबच्या गामा पैलवानाला लंडनमध्ये जिंकता आलं नाही, बरोबरी झाली, पुढच्या वेळी समोरचा आलाच नाही म्हणून पट्टा मिळाला, बाकी अजिंक्यपण संस्थानिकांनी आणि पेपरवाल्यांनी रचलं.

10 सप्टेंबर 1910. समोर पोलंडचा झ्बिश्को. गामा उंचीला पाच फूट सात इंच, समोरचा वजनानं कितीतरी भारी. सलामी झाली आणि गामानं त्याला लगेच खाली घेतला. तिथून पुढं तो गडी पोट जमिनीला चिकटवून जो पडला, तो अडीच तासांच्या वर. उठायचं नाही, डाव टाकायचा नाही, फक्त पाठ लागू द्यायची नाही. असा माणूस उलटवणं म्हणजे काय, हे ज्यानं हौदात अंग मळवलंय त्यालाच कळेल. कुस्ती कोण करत होता आणि कोण टाळत होता, हे सांगायला पंच लागत नाही. 17 तारखेला फेरकुस्ती ठरली. झ्बिश्को फिरकला नाही. जॉन बुल पट्टा आणि 250 पौंड गामाला मिळाले. याला तुम्ही ‘आयता मिळाला’ म्हणता?

आणि जानेवारी 1928 चं पटियाला का गाळलंत? महाराजा भूपिंदरसिंगांनी त्याच झ्बिश्कोला बोलावून जोड लावली. मिनिटाच्या आत चितपट. अडीच तास ज्याची पाठ लागली नव्हती, त्याची मिनिटात लागली!

गामा मोजायचाच असेल तर रहीमबक्ष सुलतानीवाल्यावरून मोजा. गुजराँवालाचा, सात फुटांच्या आसपासचा पैलवान. पोरगेल्या गामानं त्याच्याशी बरोबरी केली आणि लंडनहून परतल्यावर अलाहाबादला त्यालाच हरवून रुस्तम-ए-हिंद, म्हणजे हिंदुस्थानचा अव्वल मल्ल, झाला. अशी जोड लंडनमध्ये नव्हती.

हिशेबी
चिडू नका, मुद्द्यावर बोला. एक, 1928 ला झ्बिश्को पन्नाशीला टेकलेला. दोन, त्या काळचे खरे मोठे दोघे, अमेरिकेचा गॉच आणि रशियाचा हॅकनश्मिट. गामा त्यांच्याशी लढलाच नाही. तीन, रोज 5000 बैठका. एका बैठकीला 3 सेकंद धरा, 15000 सेकंद, म्हणजे 4 तास 10 मिनिटं. वर 3000 जोर. मग कुस्ती कधी, जेवण कधी, झोप कधी? चार, बडोद्याच्या संग्रहालयातला 1200 किलोचा दगड. 1902 साली गामानं उचलला म्हणतात. सगळी सामग्री अंगावर चढवून, वर्षानुवर्षं तेच करणारे आजचे वजन उचलणारे पाचशे किलोच्या आसपास थांबतात. असल्या गोष्टींना माना डोलावणाऱ्यांवर बाकीच्या बाबतीत तरी विश्वास का ठेवायचा?

रांगडा_करवीर
गामाचा जन्म 1878 चा म्हणतात. म्हणजे 1928 ला तो पण पन्नाशीचाच होता की! दोघं एका वयाचे, एक मिनिटात पडला, एक उभा राहिला. हा हिशेब तुमच्या वहीत बसला नाही व्हय?

आणि गॉच, हॅकनश्मिटचं म्हणाल तर लंडनला गेल्या गेल्या उंची कमी म्हणून स्पर्धेत घेईनात, तेव्हा गामानं उघड आव्हान दिलं, कुठलेही तीन गडी द्या, अर्ध्या तासात पाडतो. त्या दोघांनाही आव्हान गेलं होतं. कुणी आलं का? अमेरिकेचा डॉक्टर रोलर आला, दोनदा चीत झाला. जो समोर येत नाही त्याच्याशी लढायचं कसं, ते तुम्हीच सांगा.

आम्हा कोल्हापूरकरांना हे पुस्तकात वाचावं लागत नाही. शाहू महाराजांनी पंजाबचे मल्ल आणून आमच्या तालमीत ठेवले. 1912 ला खासबाग मैदान खुलं झालं ते गामाच्या भावाच्या, इमामबक्षच्या कुस्तीनं. समोर गुलाम मोहिद्दीन. त्या मातीत पंजाब मिसळलाय.

जुना_सांगलीकर
झालं सुरू पंजाबपुराण! 1959 ला दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगाला पाडून श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले, ते कुणाला आठवत नाही. कुस्तीतलं ऑलिंपिक पदक म्हणाल तर आपल्या खाशाबांचं 1952 चं आहे, हरियाणा-दिल्लीची बरीच आहेत. पंजाबचं एक दाखवा. नाही. आणि तरी गावात मैदान असलं की फलकावर वर मोठ्या अक्षरात ‘पंजाबचा मल्ल’, आणि आपला पोरगा खाली बारीक अक्षरात.

शिल्पा_ठाणे
ऑलिंपिकचं खरं आहे, पण सूर सिंग गावच्या कर्तारसिंगांची 1978 आणि 1986 ची एशियाड सुवर्णं विसरू नका. आणि तरनतारनकडच्याच नवजोत कौरनं 2018 मध्ये आशियाई अजिंक्यपद जिंकलं. तो मान मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. धाग्यात आतापर्यंत एकाही बाईचं नाव आलं नव्हतं, म्हणून लिहिलं.

वरळीचा_नाना
दारासिंग कुणी का काढत नाही? वरळीच्या स्टेडियममध्ये दारासिंग आणि किंगकाँग नावाच्या पैलवानाची कुस्ती पाहायला आमचे वडील गिरणीची पाळी बदलून जायचे. आमच्यासाठी पंजाब म्हणजे तोच.

मातीतला
नाना, दारासिंग यांच्याबद्दल आदर आहे. धर्मूचकचा माणूस, अंग आखाड्यात घडवलेलं. पण किंगकाँगबरोबरच्या कुस्त्या ठरवून व्हायच्या. तो खेळ वेगळा. त्याच पैशानं पुढं नुरा कुस्तीची, म्हणजे निकाल आधीच ठरवून लढायची, चटक लागली.

वरळीचा_नाना
तुमच्याकडे पुरावा काय? वडिलांनी रक्त आलेलं पाहिलंय. हिशेबी साहेबांना गामासाठी पुरावा मागता येतो आणि तुम्हाला दारासिंगसाठी तोंडी निकाल देता येतो?

कडेगावचा_भाऊ
नुरा कुस्तीचा विषय निघालाच आहे तर मला बोलू द्या. माझा धाकटा भाऊ चांगल्या ताकदीचा गडी. एका यात्रेत त्याची जोड पंजाबच्या मल्लाशी लागली, इनाम मोठं. आदल्या रात्री कमिटीचा कार्यकर्ता लॉजवर आला. खाटेवर बसला, भावाच्या खुराकाच्या डब्यातले बदाम तोंडात टाकत म्हणाला, “वीस मिनिटं खडाखडी करायची, एकदा पट काढायचा, एकदा द्यायचा, मग पंच हात वर करतील. दोघांचं पाकीट तयार आहे.” भाऊ नाही म्हणाला. सकाळी हलगी वाजली तेव्हा त्याच्या जागी दुसराच लंगोट बांधून उभा. वर्षभर म्हशीचं दूध विकायचं थांबवून आईनं त्याला पाजलं होतं. त्यानंतर तो मैदानात उतरला नाही. म्हणून मला पंजाबचं कौतुक सांगू नका.

जुना_सांगलीकर
हेच मी म्हणतोय. बाहेरचे येतात, पैसे घेतात, बरोबरी करून जातात.

रांगडा_करवीर
ओ काका, लॉजवर आला तो कोण होता? पंजाबी होता का? कमिटी आपली, पंच आपले, पाकीट आपलं, फलक छापणारे आपले! ती पोरं आमच्या तालमीत राहतात. पहाटे आमच्या पोरांबरोबर माती खोदतात, दुपारी एका पातेल्यात जेवतात. दोन महिन्यांचं मैदान असतं, तेवढ्यात घरी पैसे धाडायचे असतात. कमिटीला नाही म्हटलं तर पुढच्या यात्रेत बोलावणं नाही. कडेगावच्या भाऊच्या भावावर अन्याय झाला, मान्य. पण शिव्या चुकीच्या दाराला देताय.

कडेगावचा_भाऊ
समोरच्यानं पाकीट घेतलंच ना? माझ्या भावानं नाही म्हटलं, त्यालाही म्हणता आलं असतं. कमिटी आपली, हे मात्र खरं. त्यांची नावं आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहेत आणि कुणी बोलत नाही.

अमृतसरात_नोकरी
बँकेच्या नोकरीनं काही वर्षं इकडे आहे म्हणून लिहितो. इथं गावोगाव छिंझ, म्हणजे कुस्त्यांचं मैदान, भरते, शेवटची मोठी पटक्याची कुस्ती. कापणी झालेल्या रानात माती भुसभुशीत करतात, म्हातारे उकिडवे बसून प्रत्येक डावावर ओरडतात. आखाड्यात दौरीत डंड्यानं बदाम घोटून सरदाई करतात, आपल्या थंडाईसारखीच. नुरा कुस्तीच्या तक्रारी इथंही हुबेहूब याच.

पण तुम्ही सगळे फाळणी गाळताय. अमृतसरची घराणी मुसलमान, बरीचशी काश्मिरी मुळाची. 1947 मध्ये गामा, इमामबक्ष, त्यांची पोरं लाहोरला. संस्थानं संपली तसा पटियालाचा आधार गेला. वस्ताद तिकडे, छिंझ इकडे. इमामबक्षच्या पोरांना पोटासाठी तिकिटाच्या कुस्त्या कराव्या लागल्या. त्यातलाच अक्रम 1976 ला कराचीत जपानच्या इनोकीसमोर उभा राहिला आणि हात मोडून घेतला. पंजाबची ऑलिंपिक पदकं मोजताना हेही धरा. सांगलीकर, आपल्याकडची तालीम अशी अर्धी उचलून सीमेपार नेली असती तर काय राहिलं असतं?

जुना_सांगलीकर
फाळणीचं म्हणणं पटतं. तरी फलकावरच्या अक्षरांबद्दल मी बोलत राहणार.

हिशेबी
वयाचा मुद्दा करवीरकरांनी खोडला, तो सोडतो. बैठका आणि दगडावर कुणीच उत्तर दिलेलं नाही.

मातीतला
दगड तुम्ही घ्या. तो मीही मानत नाही, आणि तो मानण्याची गरजही नाही. कुस्ती दगडाशी होत नाही. बैठकांचं म्हणाल तर पहाटे तीनला उठून दोन वेळा मेहनत करणारी माणसं होती ती. चार तास तुम्हाला अशक्य वाटतात, कारण दिवसभराचं दुसरं काम त्यांना नव्हतं. दूध, तूप, बदाम संस्थान पुरवायचं. 5000 असतील की 3000, त्यावर वाद घाला. पटियालाला झ्बिश्कोची पाठ लागली, त्यावर नाही. रहीमबक्षच्या कुस्त्यांवर वेगळा धागा काढतो, इथं आता यात्रेचीच कमिटी बसली आहे.

कडेगावचा_भाऊ
बसू दे की. कुठंतरी बसायला हवीच होती. ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी इथंच लिहा.