शोषण, अधिशोषण की उचल?

प्रश्न : नॅनोकणांतून (अतिसूक्ष्म कणांतून) औषध पोहोचवणं आणि वनस्पतींकडून माती स्वच्छ करून घेणं, या दोन्ही विषयांवरच्या मराठी मजकुरात ‘शोषण’ हा शब्द सरसकट दिसतो. कणाने औषध शोषलं, मुळांनी कॅडमियम शोषलं, आतड्याने औषध शोषलं. तिन्ही ठिकाणी तोच शब्द चालेल का?

उत्तर : नाही. क्रिया निराळ्या आहेत. पदार्थ नुसता पृष्ठभागाला धरून राहिला तर ते अधिशोषण, आत शिरला तर शोषण. ‘अधि’ म्हणजे वर, तेव्हा मराठी शब्द स्वतःच अर्थ सांगतो. इंग्रजीतला ॲडसॉर्प्शन हा शब्द १८८१ साली कायझर या जर्मन शास्त्रज्ञाने रूढ केला, पण त्यातल्या लॅटिन ‘ॲड’चा अर्थ ‘कडे’ एवढाच. आपला उपसर्ग जास्त नेमका आहे. मुळांसाठी शेतीच्या लिखाणातला ‘उचल’ वापरा: नत्राची उचल, तशी कॅडमियमची उचल.

दुसरं मत : हा काटेकोरपणा कोशापुरता नाही, आकडे चुकतात. मुळं मातीतून काढून नुसत्या पाण्याने धुतली की सालीवर अधिशोषित झालेला धातू तसाच राहतो आणि ‘उचल’ म्हणून मोजला जातो. म्हणून मुळं साधारण २० मिलिमोलर ईडीटीएच्या (धातूला धरून ओढून घेणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात १५ ते २० मिनिटं बुडवतात, मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुतात. फार वेळ ठेवलं तर आतलाही धातू ओढला जाऊ शकतो, म्हणून घड्याळ लावा. नंतर ७० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचं आणि नायट्रिक आम्लात विरघळवून मोजायचं.

हेच ईडीटीए मातीत घातलं तर मोहरीकडून शिशाची उचल वाढते. पण मोकळं झालेलं सगळं शिसं झाड घेत नाही, उरलेलं झिरपून भूजलात जाऊ शकतं. एकच रसायन एकीकडे धुण्याचं, दुसरीकडे उपद्रवाचं!

प्रश्नकर्ता : मग ‘संचय’ कुठे वापरायचा?

उत्तर : उचललेला धातू साठून राहतो तेव्हा. कुठे साठला हेही लिहा. समजा मातीत ५०, मुळांत ४०० आणि पानाखोडांत ३० मिलिग्रॅम प्रतिकिलो कॅडमियम आहे. मुळांचा संचय-गुणांक (मुळांतलं भागिले मातीतलं) ८, ऐकायला झकास. पण स्थानांतरण-गुणांक (पानाखोडांतलं भागिले मुळांतलं) ३० भागिले ४००, म्हणजे ०.०७५. कापणी वरच्या भागाची होते, मुळं जमिनीतच राहतात, त्यामुळे ही वनस्पती माती साफ करणार नाही, फार तर धातू जागच्या जागी धरून ठेवेल. त्याला ‘स्थिरीकरण’ म्हणा. ‘निष्कासन’, म्हणजे धातू मातीतून काढून नेणं, म्हणायचं तर दोन्ही गुणांक १ च्या वर हवेत, आणि संचय-गुणांक वरच्या भागाचा काढायचा. आर्सेनिकच्या बाबतीत टेरिस व्हिटाटा हा नेचा तसा आहे, २००१ पासून तो अतिसंचयी म्हणून ओळखला जातो. ‘अतिसंचयी’ हेही कौतुकाचं विशेषण नव्हे. वाळलेल्या पानांत निकेल १००० किंवा कॅडमियम १०० मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या वर असेल तरच लावा.

आणखी एक, वनस्पतींकडून माती स्वच्छ करण्याला ‘वनस्पती-उपचार’ म्हणणं टाळा. वाचकाला काढा आठवतो.

तिसरं मत : कणांकडे या. पॉलिमर आणि औषध ॲसिटोनमध्ये विरघळवून, ढवळत्या पाण्यात (त्यात सहसा स्थिरकारक घालतात, नाहीतर कण गोळा होऊ शकतात) थेंब थेंब सोडलं की कण तयार होतात. काही औषध आत अडकतं, काही पृष्ठभागाला चिकटतं. आतल्याला ‘बंदिस्त’, बाहेरच्याला ‘अधिशोषित’ म्हणा. ‘कणाने शोषलं’ लिहिलं की हा फरकच पुसला जातो. सोडणीच्या चाचणीत (कणांतून औषध किती वेळात किती सुटतं ते मोजताना) पहिल्या काही तासांत औषधाचा लोंढा येतो, तो बराचसा या बाहेरच्या थराचा. पाण्यात कमी विरघळणारं औषध असेल तर धुऊनही हा थर पूर्ण जात नाही.

‘बंदिस्तीचं प्रमाण’ (घातलेल्या औषधापैकी कणांत किती राहिलं) आणि ‘औषधभार’ (कणांच्या वजनात औषध किती) यांचीही गल्लत होते. १०० मिलिग्रॅम पॉलिमर, १० मिलिग्रॅम औषध, त्यातलं ७ कणांत राहिलं. बंदिस्तीचं प्रमाण ७० टक्के, औषधभार ७ भागिले १०७, म्हणजे सुमारे ६.५ टक्के. (पॉलिमर वाया गेलं नाही असं धरून. प्रत्यक्षात थोडं जातंच, म्हणून वाळलेले कण वजन करून घ्यावेत.) नुसतं ‘७० टक्के औषध भरलं’ असं लिहिलं तर वाचणारा कणाचं वजन बहुतेक औषधाचंच आहे असं समजेल.

प्रश्नकर्ता : आणि ‘औषध-वितरण’?

उत्तर : तो नकोच. रक्तातून औषध कोणत्या अवयवात किती गेलं, त्याला औषधशास्त्रात ‘वितरण’ म्हणतात. कणांच्या कामाला ‘औषधवहन’ बरं. ‘लक्ष्यवेधी’ हा शब्दही मला खटकतो. शिरेतून दिलेल्या कणांचा मोठा वाटा यकृत आणि प्लीहा अडवून ठेवतात, बाण थोडेच लागतात. ‘लक्ष्याभिमुख’ लिहा. आणि शिरेतून दिलेल्या औषधाबाबत ‘शोषण’ लिहूच नका, ते थेट रक्तातच असतं. तोंडावाटे दिलेल्या औषधाचं मात्र आतड्यातून शोषणच होतं, तिथे तुमचा मूळ शब्द बरोबर आहे.