‘केंद्रक’ : अणूचे आणि पेशीचे

प्रश्न :
एका विज्ञानविषयक लेखाचा अनुवाद करताना ‘न्यूक्लिअस’ हा शब्द एकाच परिच्छेदात दोनदा आला, एकदा अणूच्या संदर्भात आणि एकदा पेशीच्या. दोन्ही ठिकाणी मी ‘केंद्रक’ लिहिले. परंतु पुढे ‘केंद्रक हे सभोवतालच्या भागापेक्षा एक लाख पट लहान असते’ असे वाक्य आल्यावर अडखळले, कारण ते नेमक्या कोणत्या केंद्रकाविषयी आहे हे वाचकाला कळेनासे झाले. दोघांसाठी वेगळे शब्द वापरावेत का?

प्रतिसाद १ :
ते वाक्य अणूविषयीच असणार, पेशीच्या बाबतीत ते साफ चुकीचे ठरेल. मात्र शब्द निवडण्याआधी आकारांचा हिशेब मांडून पाहणे उपयोगाचे होईल.

सोन्याच्या अणूचा व्यास साधारण २८८ पिकोमीटर आहे आणि त्याच्या केंद्रकाचा सुमारे १४ फेम्टोमीटर. एक पिकोमीटर म्हणजे एक हजार फेम्टोमीटर, हे लक्षात घेता अणू आपल्या केंद्रकाच्या सुमारे वीस हजार पट रुंद ठरतो. दोन मिलिमीटरचा मोहरीचा दाणा केंद्रक मानला, तर अणू चाळीस मीटरांचा होईल, म्हणजे विजापूरच्या गोलघुमटाच्या घुमटापेक्षा (बाहेरून व्यास सुमारे ४४ मीटर) किंचित लहान. हायड्रोजनमध्ये हेच गुणोत्तर साठ हजारांच्या पुढे जाते. ‘एक लाख’ ही सोयीसाठी घेतलेली ठोकळ संख्या आहे. त्या मोहरीएवढ्या जागेत सोन्याच्या अणूचे ९९.९ टक्क्यांहून अधिक वस्तुमान सामावलेले असते.

पेशीचे चित्र निराळे आहे. मानवी पेशीचे केंद्रक बहुधा सहा मायक्रोमीटरच्या आसपास असते आणि पेशी त्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद असते. लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशीत तर केंद्रकाने जवळजवळ सगळी जागा व्यापलेली असते आणि पेशीद्रव्याची केवळ पातळ कड उरते. सोन्याच्या अणूचे प्रमाण पेशीला लावले असते, तर सहा मायक्रोमीटरच्या केंद्रकाभोवतीची पेशी बारा सेंटिमीटरांची, सोललेल्या नारळाएवढी झाली असती.

आता शब्दाकडे वळू. लॅटिनमध्ये ‘न्यूक्लिअस’ म्हणजे कवचफळाच्या आतला मगज. ऑर्किडच्या पेशींत दिसणाऱ्या गोल ठिपक्याला रॉबर्ट ब्राउन यांनी १८३१ मध्ये हे नाव दिले, आणि ते शोभलेही, कारण बदामात मगज जसा डोळ्यांत भरतो, तसे केंद्रक पेशीत भरते. रदरफर्ड यांनी १९११ मध्ये अणूची रचना मांडली, तेव्हा त्या निबंधात ते ‘मध्यवर्ती विद्युतभार’ असे म्हणत होते. ‘न्यूक्लिअस’ हे नाव अणूच्या बाबतीत त्यानंतर रुळले. आकाराच्या दृष्टीने ते मुळीच जुळत नाही, कारण गोलघुमटातल्या मोहरीला कोणी मगज म्हणणार नाही.

मराठीत मात्र नेमके उलट घडले. आपण ‘केंद्र’ या शब्दापासून ‘केंद्रक’ घडवला, त्यामुळे आकाराऐवजी स्थानाचा निर्देश आला. तो अणूला चपखल बसतो. पेशीला मात्र तो फसवतो : शाळेत कांद्याच्या पापुद्र्याला आयोडीन लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले आठवत असेल, तर केंद्रक पेशीभित्तिकेला चिकटलेले दिसते, कारण मधली जागा मोठ्या रिक्तिकेने बळकावलेली असते. मेदपेशीतही ते कडेलाच ढकललेले असते. लॅटिन शब्द पेशीला शोभतो, मराठी शब्द अणूला शोभतो, आणि आपण दोन्ही शब्द दोन्हींकडे वापरतो.

म्हणून माझे मत असे की, दोन्ही संदर्भ एकत्र आले की प्रत्येक वेळी ‘अणुकेंद्रक’ आणि ‘पेशीकेंद्रक’ असे पूर्ण शब्द लिहावेत. नवा शब्द घडवण्याची आवश्यकता नाही.

प्रतिसाद २ :
निष्कर्ष मान्य आहे, पण मला अणूसाठी ‘अणुगर्भ’ हा प्रचलित शब्द अधिक आवडत असे. वरील हिशेब वाचल्यावर मात्र वाटते की, तो पेशीलाच अधिक शोभला असता. ‘गर्भ’वरूनच आपला ‘गाभा’ आला आणि ‘गर्भागार’वरून ‘गाभारा’. देवळाचा गाभारा बहुधा मध्यभागी नसतो, मंडप ओलांडून मागच्या टोकाला असतो. तरीही देऊळ त्याच्यासाठीच असते. कांद्याच्या पेशीतल्या केंद्रकाचेही तेच. तथापि रूढ झालेले शब्द आता उलटसुलट करणे शहाणपणाचे नाही. विश्वकोशात ‘अणुकेंद्रीय’ हे विशेषण आढळते, तेव्हा ‘अणुकेंद्रक’ त्याच्याशी जुळणारेच आहे.

‘एक लाख पट लहान’ ही रचना मात्र मला खटकते. ‘पट’ हा शब्द वाढीचा आहे. शिवाय तुलना व्यासाची की घनफळाची, हे त्यातून कळत नाही. व्यासात वीस हजार पट म्हणजे घनफळात आठ लाख कोटी पट. पेशीत मात्र व्यास निम्मा म्हणजे घनफळ आठवा भाग. ‘अणूचा व्यास अणुकेंद्रकाच्या व्यासाच्या हजारो पट असतो’ असे लिहिल्यास दोन्ही अडचणी टळतात.

आणि मूळ लेख हिंदी असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी. हिंदीत अणूच्या केंद्रकाला ‘नाभिक’ आणि पेशीच्या केंद्रकाला ‘केंद्रक’ म्हणतात, त्यामुळे तुमचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. पण त्यांचा ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू आणि त्यांचा ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, ही अदलाबदल नजरेतून निसटली, तर केंद्रक ज्याचे सांगायचे तो अणूच मजकुरातून नाहीसा होईल.