मदत हवी आहे: शिकारीच्या आधी नॅशनल पार्क, नोव्हेंबरचा पहिला आठवडा

दौलतगंजकर
नमस्कार मंडळी. भाऊबीज आटोपली की मी आणि सौ. निघतोय. ३ ते ६ नोव्हेंबर नॅशनल पार्क, ७ पासून जावयांबरोबर शिकार. मुक्काम आत करावा की बाहेर? थंडी किती असते? सौ.चे गुडघे दुखतात, फार चालणं नको. आणि तो गरम पाण्याचा फवारा बघायला किती वेळ हाताशी ठेवावा? जावई म्हणतात हॉटेल आजच ठरवा, भाव चढतायत. गूगल करा असं कृपया सांगू नका, करून झालंय. जरा लवकर.

शिंदेछावणी
काका, शिकार?? १९७२ चा वन्यजीव कायदा ऐकलाय का? पहिल्या अनुसूचीतलं जनावर मारलं तर तीन ते सात वर्षं आत. आणि हे तुम्ही खुल्या फोरमवर तारखांसकट लिहिताय!

कंपूवाला
शिकारीचं सोडा, गंमत करत असतील. कूनोला जाणार असाल तर टिकटोली गेट धरा. चित्ता दिसेलच या भरवशावर जाऊ नका, नशिबाचा खेळ आहे. ग्वाल्हेरहून एका दिवसात जाऊन येणं म्हणजे दगदग, एक रात्र तिकडेच काढा. गरम पाण्याचा फवारा मात्र कूनोत कुठे आला?

मुरारची_मावशी
गुडघ्यांना मेथीचे लाडू. आत्तापासून सुरू करा, जायच्या दिवसापर्यंत फरक पडेल.

दौलतगंजकर
कमाल आहे तुम्हा लोकांची. भारतात शिकारबंदी आहे हे मला ठाऊक नसेल? माझं अर्धं आयुष्य सरकारी नोकरीत गेलं. मुलगी-जावई अमेरिकेत असतात. जावई दरवर्षी परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातात, रीतसर. कूनोचं नाव मी घेतलं होतं का?

तानसेननगर_२
अमेरिकेचं तरी कुठे घेतलं होतंत? अमेरिकेत साठाहून जास्त नॅशनल पार्क आहेत. कोणतं राज्य?

दौलतगंजकर
फवारा म्हटलं ना. यलोस्टोन. मुलगी बोझमनला आहे, मोंटानात.

माजी_बोझमनकर
काका, मी त्या गावात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून आधी वाईट बातमी. ३ तारखेला तुम्हाला तो फवारा, म्हणजे ओल्ड फेथफुल, बघायला मिळणार नाही. नोव्हेंबर उजाडला की पार्कमधले जवळजवळ सगळे रस्ते नेहमीच्या गाड्यांना बंद होतात. डिसेंबरच्या मध्यावर बर्फावर चालणाऱ्या गाड्या सुरू होतात, त्यातून मग तिथवर नेतात. मधले सहा आठवडे सामान्य माणसाला तिकडे जायची सोय नाही. आपली गाडी थेट पोचायची म्हणजे एप्रिलचा मध्य उजाडतो.

बारा महिने चालू असतो तो फक्त उत्तरेकडचा रस्ता: गार्डिनरच्या गेटमधून आत, मॅमथ, टॉवर, लामार खोरं आणि पुढे कुक सिटी. तुमचे चार दिवस याच पट्ट्यात घालवा. आतली हॉटेलं त्या सुमारास मिटलेली असतात, म्हणून मुक्काम गार्डिनरलाच. बोझमनहून लिव्हिंगस्टनमार्गे साधारण १३० किलोमीटर, दीड तास.

शिकारीचं ठिकाण कुठे आहे? कोणत्या बाजूला ते कळलं तर नीट आखून देता येईल.

दौलतगंजकर
जावयांच्या मित्राची जमीन आहे, पॅराडाइज व्हॅलीत. पण फवारा नाही म्हणजे काय? सौ.ने सगळ्या भिशीत सांगून ठेवलंय.

नदीपार
मी सांगतो, यलोस्टोन रद्द करा आणि ग्रँड टीटन करा. आम्ही सप्टेंबरात गेलो होतो, स्वर्ग. ते डोंगर बघितल्यावर फवाऱ्याची आठवणही येणार नाही.

माजी_बोझमनकर
सप्टेंबर वेगळा, नोव्हेंबर वेगळा. टीटन यलोस्टोनच्या दक्षिणेला, हे राहणार उत्तरेला. मधले रस्ते बंद, म्हणजे बाहेरून अख्खा वळसा. एक दिवस जायला, एक यायला. गुडघ्यांसकट.

काका, पॅराडाइज व्हॅली तर उत्तम. गार्डिनर ते लिव्हिंगस्टनच्या मधलंच खोरं ते, उलटं यायला नको. फवारा नसला तरी मॅमथला गरम झरे आहेत. चुन्याचे पांढरे-नारिंगी टप्पे चढत गेलेत, त्यांवरून वाफाळतं पाणी ओघळतं, आणि थंडीत वाफ जास्तच दिसते. लाकडी फळ्यांची वाट आहे. खालच्या बाजूने फिरलात तर पायऱ्या थोड्या, पण फळ्यांवर बर्फ गोठतं, बुटांना लावायचे काटे घ्या. भिशीत दाखवायला फोटो तिथेही झकास येतात.

तानसेननगर_२
गुडघ्यांसाठी बॉयलिंग रिव्हर! मॅमथजवळ नदीत गरम पाणी मिसळतं, त्यात बसायचं. माझ्या मेव्हण्याने २०१७ मध्ये केलंय.

माजी_बोझमनकर
जून २०२२ च्या पुरापासून ती जागा बंद आहे. त्या पुरात गार्डिनरचा रस्ताच वाहून गेला होता. मेव्हण्यांना सांगा, नकाशा बदललाय. शेक हवा असेल तर पॅराडाइज व्हॅलीतच चिको हॉट स्प्रिंग्ज आहे, गरम पाण्याचा तलाव, वर्षभर चालू. जावई रानात, काकू तलावात.

थंडीचं: रात्री उणे पाच-दहा धरून चाला, लाट आली तर त्याहून खाली. दुपारी ऊन असलं तर शून्याच्या थोडं वर. मॅमथ १९०० मीटर उंचीवर आहे. आपले जाड स्वेटर एकावर एक चढवण्यापेक्षा आत थर्मल, मध्ये लोकर आणि बाहेर वारा अडवणारं जाकीट. शिवाय नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात, त्यामुळे पाचच्या सुमाराला अंधार. पहाटे लवकर निघा, साडेचारला गाडी परतीला लावा. पेट्रोल गार्डिनरलाच भरा.

कंपूवाला
जाकीट तिकडे कशाला घेताय डॉलरात, थंडीत आपल्याकडे तिबेटी बाजार लागतो, तिथून घ्या.

शिंदेछावणी
कायदेशीर असलं तरी प्रश्न उरतोच. आधी पार्कात जाऊन प्राण्यांचे फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर गोळ्या झाडायच्या?

जंगलखात्यातला_निवृत्त
भाऊ, तिकडचं गणित वेगळं आहे. १९३७ पासून बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवतात. लांडगे संपल्यावर यलोस्टोनमधले एल्क, म्हणजे तिकडची मोठी हरणं, इतके वाढले की झाडोरा उठेना, म्हणून १९९५-९६ मध्ये कॅनडातून लांडगे आणून सोडले. कोणीतरी खाणारा लागतोच.

शिंदेछावणी
आणि तेच लांडगे पार्कची हद्द ओलांडली की गोळी खातात. २०२१-२२ च्या हंगामात वीसहून जास्त गेले. लांडग्याला हद्द दिसते का? आपल्या शिवपुरीचंही तेच झालं. संस्थानी शिकारीने जंगल रिकामं केलं आणि २०२३ मध्ये माधव नॅशनल पार्कात वाघ बाहेरून आणून सोडावे लागले.

जंगलखात्यातला_निवृत्त
शिवपुरीचं निघालंच म्हणून सांगतो. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेतून सिंह आणून आपल्या जंगलात सोडले होते. सिंह टिकले नाहीत, माणसांच्या वाटेला मात्र गेले. आणि तो शिवपुरीच्या जंगलातला जॉर्ज कॅसल, इंग्लंडचा राजा पंचम जॉर्जच्या एका मुक्कामासाठी बांधलेला, राजा तिथे मुक्कामाला आलाच नाही. हौसेला मोल नसतं, जंगलाला असतं

दौलतगंजकर
इतिहासाचा वेगळा धागा काढा हो. माझ्या हॉटेलचं चाललंय. गार्डिनर बुक करायला सांगितलं. प्राणी काय दिसतील? आणि जावई म्हणतात रायफल गाडीतच ठेवून पार्कात जाऊ, म्हणजे दोन फेऱ्या पडायच्या नाहीत. चालतं का?

माजी_बोझमनकर
रायफल गाडीत ठेवायला २०१० पासून मनाई नाही, राज्याच्या कायद्यात बसत असेल तर. पण झाडायची नाही, आत शिकार तर मुळीच नाही, आणि पार्कच्या सरकारी इमारतीत न्यायची नाही. माझं मत, घरी ठेवा. शिकारीच्या दिवसांत रेंजर हद्दीवर डोळ्यांत तेल घालून असतात, उगाच चौकशी मागे लावून घ्यायची कशाला?

प्राणी: मॅमथच्या हिरवळीवर एल्क घरातल्या गाईंसारखे बसलेले असतात. लामारमध्ये गवे, म्हणजे बायसन, आणि पहाटे नशीब असलं तर लांडगे. दुर्बीण लावून रस्त्याकडेला उभी असलेली माणसं दिसली की गाडी बाजूला घ्या, त्यांना ठिकाणं माहीत असतात. अस्वल आणि लांडग्यापासून ९१ मीटर, बाकीच्यांपासून २३ मीटर लांब. अस्वलं तेव्हा अजून पूर्ण झोपलेली नसतात, म्हणून अस्वलाचा स्प्रे जवळ हवा. तो विमानात नेता येत नाही, ना हातातल्या बॅगेत ना सामानात. तिकडेच घ्या.

मुरारची_मावशी
मुरैन्याची गजक न्या सोबत. थंडीत तीळ-गूळ अंगाला चांगला. मुलीलाही हवीच असेल.

माजी_बोझमनकर
मावशींना +१. कस्टमच्या फॉर्मवर खाण्याचं आहे असं लिहा म्हणजे झालं.

एक राहिलं काका. शिकारीला तुम्ही नुसते बघायला जाताय की बंदूक धरणार आहात? व्हिसा कोणता?

दौलतगंजकर
पाहुण्यांचाच, दुसरा कुठला असणार. जावई म्हणाले एक गोळी तुम्हीपण मारा.

माजी_बोझमनकर
नका मारू. पर्यटक व्हिसावर आलेल्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. चालू शिकार परवाना असला तर सूट मिळते, पण मोंटानात बाहेरच्या माणसाने हरीण-एल्कच्या परवान्याचा अर्ज १ एप्रिलपर्यंत करायचा असतो. ते केव्हाच होऊन गेलं. तुम्ही सोबत चाला, चहा प्या. आणि नारिंगी जाकीट घालाच, शिकाऱ्याला कमरेच्या वर ४०० चौरस इंच नारिंगी सक्तीचं आहे. काकूंसाठीही एक घ्या, अंगणात हिंडतानासुद्धा.

दौलतगंजकर
फोटोपुरती हातात घेतली तर?

जंगलखात्यातला_निवृत्त
फोटो म्हणजेच पुरावा, साहेब.

नदीपार
आम्ही पुढच्या मे महिन्यात जायचं म्हणतोय, चार मोठे, दोन मुलं. तेव्हा सगळे रस्ते उघडे असतात का? आणि गाडी सात सीटर घ्यावी का?

तानसेननगर_२
नवा धागा काढा. आणि राज्याचं नाव पहिल्याच ओळीत लिहा.