हार्वर्डचे आर-१३४० इंजिन: दोन नंबरचा सिलिंडर फक्त क्रूझमध्ये का तापतो?

प्रश्न: हार्वर्डप्रेमी, ऑन्टारिओ

नमस्कार. मी कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात राहतो आणि येथील एका गटासोबत हार्वर्ड मार्क ४ विमानाच्या देखभालीत मदत करतो. विमान कॅनेडियन कार अँड फाउंड्री कंपनीने बांधलेले आहे आणि त्यावर प्रॅट अँड व्हिटनीचे आर-१३४० वास्प इंजिन आहे, म्हणजे एका रांगेत नऊ सिलिंडर आणि ६०० अश्वशक्ती. कामावर सही करणारे परवानाधारक अभियंते आमच्याकडे आहेत आणि मी त्यांच्या हाताखाली काम करतो. तरीही नेमके काय घडते आहे हे मला स्वतःला समजून घ्यायचे आहे, आणि येथे वायुसेनेत रेडियल (चक्राकार मांडलेल्या सिलिंडरांच्या) इंजिनांवर काम केलेली मंडळी आहेत म्हणून विचारतो.

या हिवाळ्यात आम्ही काउलिंग (इंजिनावरचे आवरण) उतरवून सर्व बॅफल (सिलिंडरांभोवती हवा वळवणारे पत्रे) काढले, रंगवले आणि परत बसवले. दोन नंबरचा सिलिंडर बदलून ओव्हरहॉल केलेला लावला. पूर्वी एकाच सिलिंडरचे तापमान दाखवणारा काटा होता, त्याच्या जागी आता नऊही सिलिंडरांचे तापमान दाखवणारा डिजिटल मापक आहे. तेव्हापासून दोन गोष्टी दिसत आहेत. उड्डाणाच्या वेळी, ३६ इंच मॅनिफोल्ड प्रेशर (सिलिंडरांकडे जाणाऱ्या मिश्रणाचा दाब, पाऱ्याच्या इंचांत) आणि २२५० आरपीएमवर, दोन नंबर इतरांसारखाच असतो. सगळे २०५ ते २२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. मात्र २००० फुटांवर २४ इंच आणि १८५० आरपीएम ठेवून सरळ, एकसारख्या वेगाने उडत असताना (म्हणजे क्रूझमध्ये) बाकीचे १७५ ते १९० वर उतरतात आणि दोन नंबर २२५ वर चढतो. जमिनीवर आयडलला, म्हणजे सर्वांत मंद गतीवर, इंजिन थोडे अडखळतेही. दुसरी गोष्ट अशी की आठ नंबरचा सिलिंडर क्रूझमध्ये नीट असतो, पण चढताना २४० पर्यंत जातो. मर्यादा २६० ची आहे, त्यामुळे ती अद्याप ओलांडलेली नाही, पण उन्हाळा तोंडावर आहे. दोन्हींचे मूळ एकच असावे का? नवा सिलिंडर सुरुवातीला गरम चालतो असे एकाने सांगितले. ते येथे लागू पडते का?

उत्तर १: निवृत्त इंजिन फिटर, नाशिक

नमस्कार. वायुसेनेत ऑटर विमानांवर याच घराण्यातले इंजिन होते, फक्त गिअर असलेले, आणि त्यावर मी बराच काळ काम केले आहे. कोणताही स्क्रू सैल करण्यापूर्वी मापक खरे बोलतो आहे की नाही याची खात्री करून घ्या. तुम्ही सिलिंडरही बदलला आणि मापकही बदलला. त्यामुळे कोणत्या बदलाने आकडा वाढला हे आत्ता कोणालाच सांगता येणार नाही.

रात्रभर हँगरमध्ये थंड झालेल्या इंजिनावर सकाळी मापक चालू करा. नऊही आकडे एकमेकांशी आणि हँगरमधल्या हवेच्या तापमानाशी जुळले पाहिजेत. त्यानंतर दोन आणि तीन नंबरचे थर्मोकपल (तापमान टिपणारे वायरचे संवेदक) आपापसात बदला आणि एक उड्डाण करा. उष्णता वायरसोबत तीन नंबरवर गेली तर दोष मापनाचा आहे. दोन नंबरवरच राहिली तर ती खरी आहे. सर्व थर्मोकपल एकाच प्रकारचे आहेत ना, हेही बघा. स्पार्क प्लगखाली वॉशरसारखे बसणारे थर्मोकपल आणि हेडमधल्या (सिलिंडरच्या डोक्याच्या भागातल्या) छिद्रात बसणारे थर्मोकपल एकाच सिलिंडरवर वेगवेगळा आकडा दाखवतात, त्यामुळे त्यांची आपसात तुलना करता येत नाही. वायर कोठे साध्या तांब्याने जोडलेली असेल आणि त्या जोडाची दोन टोके वेगवेगळ्या तापमानाला असतील, तरीही आकडा चुकतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पूर्वी तुम्हाला एकच सिलिंडर दिसत होता. आठ नंबर कदाचित कित्येक वर्षे असाच तापत असेल आणि आता प्रथमच तो डोळ्यांसमोर आला असेल. म्हणून तो दुर्लक्षित करावा असे मी म्हणत नाही, पण "हिवाळ्यापासून बिघडला" हे गृहीत धरू नका.

उत्तर २: परवानाधारक मेकॅनिक, टेक्सास

नाशिकच्या काकांनी सांगितलेली तपासणी सर्वांत आधी करा. मापन खरे निघाले, असे धरून पुढचे लिहिते. मी शेतात फवारणी करणाऱ्या ॲग कॅट विमानांवर हेच इंजिन सांभाळत आले आहे, आणि तुमचे आकडे वाचताच मी दोन नंबरच्या इनटेक पाइपकडे जाईन.

कारण असे. या इंजिनात कार्बोरेटरमधून आलेले हवा व इंधनाचे मिश्रण ब्लोअरमधून (दाब वाढवणाऱ्या पंख्यातून) जाते आणि ब्लोअरच्या घरातून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पाइपने पोहोचते. पाइपचे एक टोक सिलिंडरला फ्लँजने घट्ट असते आणि दुसरे ब्लोअरच्या घरात रबरी पॅकिंग व ते दाबून धरणाऱ्या ग्लँड नटने बसवलेले असते, कारण इंजिन तापल्यावर सिलिंडर वाढतो आणि पाइपला थोडे सरकता यावे लागते. सिलिंडर बदलताना हा पाइप काढावाच लागतो. जुने, कडक झालेले पॅकिंग तसेच परत बसवले, तर ते पुन्हा त्याच जागी नीट दबत नाही.

आता गळती कोणत्या दिशेने होईल हे पाइपच्या आत आणि बाहेर किती दाब आहे यावर ठरते. उड्डाणाच्या वेळी आत ३६ इंच आणि बाहेर जेमतेम २९ इंच असतात, म्हणजे मिश्रण बाहेर फेकले जाते. सिलिंडरला किंचित कमी मिश्रण मिळते, पण त्याचे प्रमाण बदलत नाही आणि तापमान बिघडत नाही. २००० फुटांवर बाहेर सुमारे २८ इंच आणि तुमच्या आत २४ इंच आहेत, म्हणजे हवा आत ओढली जाते. ही हवा कार्बोरेटरने मोजलेली नसते, त्यामुळे फक्त त्या एका सिलिंडरचे मिश्रण लीन (इंधन कमी, हवा जास्त) होते आणि तो तापतो. आयडलला आतला दाब याहून बराच कमी असतो. तेव्हा इतकी हवा शिरते की मिश्रण पेटतच नाही, सिलिंडर अधूनमधून चुकतो आणि उलट थंड पडतो. क्रूझमध्ये सर्वांत गरम आणि आयडलला सर्वांत थंड असा एकच सिलिंडर असेल, तर मला दुसऱ्या पुराव्याची फारशी गरज वाटत नाही.

याची परीक्षा सोपी आहे. गरम इंजिन काही मिनिटे आयडलला चालू ठेवून बंद करा आणि लगेच प्रत्येक हेडचे तापमान मापकावर वाचा. दोन नंबर शेजाऱ्यांपेक्षा खाली असेल तर निदान पक्के होईल. हाताने किंवा हातातल्या मापकाने तपासणार असाल तर मॅग्नेटोचा (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या यंत्राचा) स्विच बंद असला तरी प्रोपेलर जिवंत आहे असेच समजून वागा, कारण स्विचची वायर आतून तुटलेली असू शकते. त्यानंतर ग्लँड नटच्या खालची बाजू टॉर्च लावून बघा. १०० एलएल इंधनात निळा रंग असतो. मिश्रण बाहेर फेकले जाते तेथे तो डाग मागे ठेवतो. प्रायमरची (इंजिन सुरू करताना इंधन देणारी) नळीही त्याच वेळी तपासा, कारण वरच्या सिलिंडरांना जाणारी नळी चिरलेली असेल किंवा तिचा जोड सैल असेल तरी हुबेहूब हेच लक्षण दिसते.

नव्या सिलिंडरबद्दल: रिंगा बसेपर्यंत घर्षणामुळे तो गरम चालतो हे खरे आहे, पण ते घर्षण जास्त शक्तीवर अधिक जाणवले पाहिजे. तुमचा सिलिंडर ३६ इंचांवर शांत आहे आणि २४ वर तापतो आहे, म्हणून ते कारण येथे बसत नाही.

एक स्पार्क प्लग बंद असेल का, असेही कोणी विचारील. या इंजिनात उजवा मॅग्नेटो पुढचे प्लग पेटवतो आणि डावा मागचे. एक प्लग मेला तर जळण मंदावते, एक्झॉस्ट गरम होतो आणि हेडचे तापमान बहुधा खाली येते. त्यामुळे केवळ हेड तापले म्हणून प्लग बदलत बसू नये. मॅग्नेटोचे टायमिंग ठरल्यापेक्षा पुढे असेल तर मात्र हेड तापतात. पण मग त्या मॅग्नेटोवरचे नऊही तापतील, एकटा दोन नंबर नाही.

उत्तर ३: हौशी वैमानिक, पर्थ

मी मेकॅनिक नाही, त्यामुळे वैमानिकाच्या बाजूने लिहितो. आठ नंबरचे कारण सापडेपर्यंत चढताना नाक थोडे खाली ठेवून वेग वाढवावा. हार्वर्डला उघडझाप करता येणारे काउल फ्लॅप (काउलिंगच्या हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा) नाहीत, त्यामुळे थंड हवा वाढवण्यासाठी वैमानिकाच्या हातात वेगच उरतो. उड्डाणाच्या वेळीच शक्ती कमी ठेवली, समजा ३६ ऐवजी ३२ इंच, तर उष्णता कमी निर्माण होईल असे मला वाटते. आणि फार तापले तर थ्रॉटल ओढून खाली उतरत इंजिन थंड करून घ्यावे.

उत्तर २ चे पुढे: परवानाधारक मेकॅनिक, टेक्सास

वेगाबद्दल पूर्ण सहमत आहे. बाकीच्या दोन सूचनांबद्दल मात्र मला स्पष्टपणे असहमती नोंदवावी लागेल, कारण त्या इंजिनाला अपाय करू शकतात.

स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटरमध्ये थ्रॉटल बराच उघडल्यावर एक जादा झडप उघडते आणि मिश्रण मुद्दाम रिच (इंधन जास्त) करते. ते जादा इंधन जास्त शक्तीवर हेड थंड ठेवते आणि डिटोनेशनपासून (मिश्रण एकदम स्फोटासारखे पेटण्यापासून) वाचवते. थ्रॉटल त्या झडपेच्या जेमतेम अलीकडे थांबवले, तर शक्ती थोडीच कमी होते, पण ते संरक्षण जाते. उड्डाणासाठी मॅन्युअलमध्ये दिलेली शक्तीच वापरावी आणि सुरक्षित उंचीवर पोहोचल्यावर चढाईच्या शक्तीवर स्पष्टपणे उतरावे.

थ्रॉटल एकदम ओढून घेणे त्याहून वाईट. रेडियलमध्ये आरपीएम जास्त आणि मॅनिफोल्ड प्रेशर फार कमी असेल तर प्रोपेलर इंजिनाला फिरवू लागतो, मास्टर रॉडच्या (पिस्टनांना क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगवरचा भार उलटतो आणि त्याचे वंगण बिघडते. दर १०० आरपीएमला निदान १ इंच मॅनिफोल्ड प्रेशर ठेवावे, हा जुना नियम याचसाठी आहे. १८५० आरपीएमवर साडेअठरा इंचांच्या खाली जाऊ नये. शिवाय तापलेले हेड ॲल्युमिनियमचे आणि त्याला जोडलेले बॅरल पोलादाचे, दोन्ही वेगवेगळ्या गतीने आकसतात. अपवाद एकच: एखाद्या सिलिंडरचा आकडा काही सेकंदांत झपाट्याने वर धावू लागला, तर ते डिटोनेशन किंवा प्री-इग्निशन (ठिणगीआधीच मिश्रण पेटणे) असू शकते आणि तेव्हा थ्रॉटल त्वरित कमी करावे. रेडियलच्या आवाजात ते कानाला कळत नाही, म्हणून नऊ आकड्यांचा मापक मोलाचा आहे.

प्रश्नकर्ता: हार्वर्डप्रेमी, ऑन्टारिओ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे क्रमाने तपासले. थंड इंजिनावर नऊही आकडे जुळले. दोन आणि तीनचे थर्मोकपल बदलले तरी उष्णता दोन नंबरवरच राहिली. आयडलनंतरच्या वाचनात दोन नंबर शेजारच्या दोन्ही सिलिंडरांपेक्षा स्पष्टपणे थंड होता. ग्लँड नटच्या खाली, पाइपच्या मागच्या बाजूला, नखाएवढा फिकट निळा डाग होता; समोरून तो दिसत नाही, आरसा धरल्यावरच दिसला. नट आवळून भागेल का, असे मी विचारले, पण आमच्या अभियंत्यांनी पॅकिंग बाहेर काढायला लावले. ते रबर राहिलेच नव्हते. बोटांनी वाकवताच त्याचा तुकडा पडला, आणि एका बाजूला पाइपची कड रुतून खाच पडली होती. प्रायमरची नळी ठीक निघाली. नवे पॅकिंग बसवल्यावर क्रूझमध्ये दोन नंबर १८५ च्या आसपास असतो आणि आयडलही सुरळीत झाला आहे. बाकीच्या आठही पाइपांची पॅकिंग बदलण्याचे ठरले आहे.

आठ नंबर मात्र तसाच आहे. चढताना २४०, क्रूझमध्ये १९०. थर्मोकपल तेथेही बदलून पाहिले, आकडा सिलिंडरसोबतच राहतो.

उत्तर १ चे पुढे: निवृत्त इंजिन फिटर, नाशिक

दोन नंबरचे काम व्यवस्थित झाले. आठ नंबर फक्त चढताना, म्हणजे वेग कमी आणि शक्ती जास्त असताना तापतो. तेथे मला हवेच्या वाटेवर संशय आहे.

सिलिंडरच्या पुढच्या फिनवर (उष्णता बाहेर सोडणाऱ्या पातळ पाकळ्यांवर) हवा आपोआप आदळते, पण मागची बाजू, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपासचा भाग, केवळ बॅफलमुळे थंड होतो. बॅफल हवेला फिनमधून वळसा घालून मागे जायला भाग पाडतात. पत्रा आणि फिन यांच्यात फट राहिली की हवा त्या मोकळ्या जागेतून निघून जाते आणि मागच्या फिनपर्यंत पोहोचत नाही. क्रूझमध्ये वेगामुळे हवा इतकी मुबलक असते की ही चोरी लक्षात येत नाही. तुम्ही बॅफल काढून रंगवले आहेत. परत बसवताना दोन सिलिंडरांच्या मधला पत्रा फिनला टेकण्याऐवजी बाहेर राहणे किंवा त्याची पकडपट्टी सैल राहणे सहज शक्य आहे.

काउलिंग उतरवा, अंधारात इंजिनाच्या मागे दिवा ठेवा आणि पुढून सात, आठ आणि नऊच्या मधून पाहा. जेथे फिनमधून नव्हे तर पत्र्याच्या कडेने उजेड येतो, तेथून हवा जाते. फिनमध्ये चिकटलेला जुना रंग, तेल आणि धूळही बघा, आणि नव्याने लावलेला रंग जाड झाला असेल तर तोही. बॅफल नीट असूनही आकडा खाली आला नाही, तर आठ नंबरची टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट) मोजा, कॉम्प्रेशन (सिलिंडर दाब किती धरतो ते) तपासा आणि बोअरस्कोपने (आत डोकावणाऱ्या बारीक कॅमेऱ्याने) एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड बघा, कारण व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधून बाहेर जाते आणि तो नीट टेकत नसेल तर प्रत्येक उड्डाणाबरोबर तो जळत जातो. कॉम्प्रेशन घेताना हवा एक्झॉस्ट पाइपातून फुसफुसते का, हे कान लावून ऐका. तेवढे होईपर्यंत विमान उडवायचे असेल तर सकाळच्या गारव्यात, एकट्याने, आणि चढाईचा वेग वाढवूनच उडवा. आणि प्रत्येक वेळी बाहेरच्या हवेचे तापमान आकड्याशेजारी लिहून ठेवा, नाहीतर मे महिन्यातले २४० आणि जुलैतले २४० यांत फरक करता येणार नाही.